पटावर आहे, वर्गात नाही

जूनमध्ये शाळा भरते तेव्हा पारध्यांच्या पोराचं नाव पटावर चढतं. दिवाळीची सुट्टी संपून घंटा वाजते, तोवर त्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडलेला असतो. आपल्या राज्याच्या नियमानुसार न कळवता महिनाभर शाळेत न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर अशा मुलांची एकाच दिवसात मोजणी झाली, बोटांना शाई लावण्यात आली. पण जी वस्ती आज इथं आणि उद्या भलतीकडं, ती एका दिवसाच्या मोजणीत कशी सापडणार? मग सोपं उत्तर पुढं येतं, ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही.’ हे मला साफ नामंजूर आहे.

धाराशिव जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. त्यात फासेपारधी कळंब, वाशी, तुळजापूर अशा तालुक्यांत विखुरलेले. गावाबाहेरची ‘पारधी पिढी’ म्हणजे पारध्यांची वस्ती, गायरानातली चार पालं, नाहीतर कुणाच्या रानातलं एकटं खोपट. नंदुरबार-गडचिरोलीसारखं आश्रमशाळांचं जाळं इथं नाही.

१८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. धाराशिवचा हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथंही असाच कायदा होता. १९५२ साली पारध्यांवरचा हा शिक्का कागदावरून पुसला गेला. पुढं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर-लावे-ससे धरण्यावर बंदी आली. कायदा योग्यच होता, पण फासे टाकून जगणाऱ्याच्या हाती त्याबदल्यात काहीच आलं नाही. उरली ती शेताची राखण, मजुरी, ऊसतोड आणि काहींच्या वाट्याला भीक.

राखणीला बसलेलं कुटुंब रानात राहतं. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण एकट्या खोपटाला वस्ती कोण म्हणणार? ओढा ओलांडून सहा वर्षांची पोर एकटी शाळेत कशी जाईल? त्यात गावात चोरी झाली की संशय आधी पालावर. रात्री पोलिसांची गाडी येते, बाप किंवा चुलता उचलला जातो आणि उरलेली माणसं उजाडायच्या आत बिऱ्हाड हलवतात. दप्तर तिथंच राहतं. सकाळी हजेरी घेताना गुरुजी नाव पुकारतात आणि पुढं ‘गै’ लिहितात. या ‘गै’ला त्या पोराची नावड म्हणायचं?

वर्गात पोहोचलेल्या मुलाचीही परीक्षा असतेच. घरची बोली गुजरातीच्या जवळची, पुस्तक मराठीत. पहिलीत ते मूल गप्प बसतं आणि गप्प बसलेलं मूल ‘ढ’ ठरतं. शेजारचा पोरगा सरकून बसतो, पेन्सिल हरवली की पहिली झडती याच्या पिशवीची होते. असा अपमान रोज सोसून मोठी माणसंही कामावर टिकत नाहीत. पुढं शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. आजोबा रानोमाळ हिंडत होते, तो पुरावा कुणाच्या दप्तरी असणार?

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आई-बाप कारखान्यावर, मूल गावातच नातेवाइकांकडं, जेवणाची व्यवस्था शाळेकडं. जिथं ती वेळेवर सुरू होते तिथं मूल टिकतं. ऊसतोडीची गाडी गाव सोडते दिवाळीच्या आसपास. मंजुरीचा कागद त्यानंतर आला तर मूल गाडीवर चढलेलं असतं.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९३ साली भटके-विमुक्त विकास परिषदेनं पारधी आणि इतर भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. त्यामागं ज्यांची धडपड होती त्या गिरीश प्रभुणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला. इथलं यश मला एका गोष्टीत दिसतं: बाप कुठंही गेला तरी मुलाची शाळा जागेवर राहते. शेजारी बसणारा पोरगाही पालावरचाच, त्यामुळं कुणी सरकून बसत नाही. मात्र निवासी शाळा म्हणजे सहा-सात वर्षांच्या लेकराची आईपासून ताटातूट, हेही खरं. सुटीला घरी गेलेलं मूल परत आणणं हे अशा कुठल्याही शाळेचं अर्धं काम असतं.

धाक दाखवून हजेरी वाढते का, हे पाहायला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा अनुभव उपयोगी पडतो. त्यांच्या मुलांच्या हजेरीतली तफावत पाच वर्षांत मिटवायची असं तिथल्या सरकारनं २०१४ साली ठरवलं. मुलांना घरून आणायला माणसं नेमली. काही भागांत तर मूल शाळेत आलं नाही म्हणून पालकांचं सरकारी अनुदान रोखलं. २०१९ मध्ये आदिवासी मुलांची हजेरी ८२ टक्के आणि इतरांची ९२. तफावत तशीच राहिली. एवढा पैसा असलेल्या देशाला धाक दाखवून जे जमलं नाही, ते आपल्याकडं ‘रेशन बंद करा’ म्हणून जमेल असं मानणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

माझं मत स्पष्ट आहे. पारध्याच्या मुलाची हजेरी ही त्याच्या घरच्यांना एका जागी निर्धास्त राहता येतं का, यावर ठरते. ज्याला हक्काची घरजागा आणि कसायला दोन एकर जमीन मिळाली, त्याला रातोरात पाल उचलावं लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा दाखला नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही नाव घालता येतं. तुमच्या शिवारात असं पाल असेल तर त्या मुलाला हाताला धरून शाळेत न्या, आणि येत्या ग्रामसभेत त्याच्या घरच्यांच्या घरजागेचा ठराव मांडा.