रात्रीचे श्रवण आणि ध्वनीच्या पल्ल्याचे आकुंचन

घरी चित्रपट पाहण्यासाठी पाच-सात ध्वनिवर्धकांची जी व्यवस्था बसविली जाते, तिच्या रिसीव्हरवर 'नाइट', 'मिडनाइट', 'लाउडनेस' अशा नावांच्या काही योजना आढळतात. रात्री आवाज लहान करण्याची ती एक सोय आहे, अशी त्यांच्याविषयी सामान्य समजूत असते. परंतु आवाज लहान करण्याचे काम साधी कळ उत्तम प्रकारे करीत असताना त्यासाठी निराळी योजना का लागावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला म्हणजे असे दिसून येते की, या योजना एकाच जातीच्या नसून दोन भिन्न जातींच्या आहेत. इतकेच नव्हे तर एकीचे कार्य काही अंशी दुसरीच्या विरुद्ध जाणारे आहे.

प्रथम चित्रपटाच्या ध्वनीचा पल्ला लक्षात घेतला पाहिजे. ज्या दालनात चित्रपटाचे ध्वनिमिश्रण होते, तेथे प्रत्येक मुख्य ध्वनिवर्धकाची पातळी अशी लावलेली असते की, कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खाली असलेला चाचणीचा ध्वनी श्रोत्याच्या जागी ८५ डेसिबल भरावा. म्हणजे एका ध्वनिवर्धकाची शिखरपातळी १०५ डेसिबल होते आणि केवळ खर्जासाठी राखलेल्या स्वतंत्र मार्गाची ११५. साधे संभाषण बहुधा ७५ ते ८० डेसिबलांच्या आसपास राहते; कुजबूज त्याहून बरीच खाली असते. आता रात्री कोणी कळ फिरवून सारे काही ३० डेसिबलांनी उतरविले असे समजू. संभाषण ४५ ते ५० वर आले, कुजबूज ३५ च्या जवळ गेली आणि पंख्याच्या आवाजात बुडाली. स्फोटाचा खर्ज मात्र अजूनही ८५ डेसिबलांपर्यंत चढू शकतो. कुजबूज ऐकू यावी म्हणून श्रोता कळ वर नेतो, स्फोट झाला की धावत जाऊन खाली आणतो. चित्रपट संपेपर्यंत त्याचा हात कळीवरच असतो.

यात कानाच्या स्वभावाची आणखी एक अडचण मिसळते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये समप्रबलतेचे वक्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती सर्वज्ञात आहे. कान सर्व कंप्रतांना सारखाच न्याय देत नाही. खर्जाच्या बाबतीत तो मंद असतो, आणि ध्वनी जितका लहान तितका हा मंदपणा अधिक. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००३ च्या सुधारित वक्रांनुसार १००० हर्ट्झच्या ८० डेसिबल ध्वनीइतका मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे १०२ डेसिबल असावा लागतो. ६० डेसिबलच्या तोडीस मात्र सुमारे ९० पुरतो. म्हणजे मध्यम कंप्रतेचा ध्वनी २० डेसिबल उतरला असता खर्ज केवळ १२ डेसिबल उतरावयास हवा होता. कळ मात्र दोघांनाही २० उतरविते. खर्ज ८ डेसिबलांनी तुटपुंजा पडतो आणि संगीत पोकळ व पातळ वाटू लागते. ही तूट भरून काढणे हेच 'लाउडनेस' जातीच्या योजनांचे कार्य होय. जुन्या ध्वनिवर्धन-यंत्रांवर त्यासाठी एक ढोबळ बटण असे; ऑडिसी कंपनीच्या 'डायनॅमिक ईक्यू' सारख्या अलीकडच्या योजना कळ किती खाली आहे हे पाहून भरपाईचे प्रमाण ठरवितात. ध्वनीच्या पल्ल्याला त्या हात लावीत नाहीत.

'नाइट' जातीची योजना नेमके तेच करते. ती पल्ला आकुंचित करते. लहान ध्वनी उचलते, मोठा दाबते. याचा सर्वांत सुव्यवस्थित प्रकार डॉल्बी डिजिटल पद्धतीत सापडतो. ही पद्धत १९९५ साली अमेरिकेच्या अंकीय दूरचित्रवाणीच्या मानकात स्वीकारली गेली व पुढे डीव्हीडीबरोबर घरोघरी पोहोचली. तीत ध्वनीबरोबर काही सूचनाही पाठविल्या जातात. एक सूचना संवादाची सरासरी पातळी सांगते. दुसरी, कोणत्या क्षणी ध्वनी किती उचलावा वा दाबावा हे सांगते, आणि ती दर २५६ नमुन्यांना, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंदांना, बदलता येते. ध्वनी मात्र मूळचाच राहतो. सूचना पाळावयाची की नाही, की अर्धीमुर्धीच पाळावयाची, हे श्रोत्याच्या यंत्रावर ठरते. एकच तबकडी दिवसा पूर्ण पल्ल्याने व रात्री आकुंचित पल्ल्याने ऐकता यावी, ही यातील खरी हुशारी.

'फिल्म स्टँडर्ड' नावाच्या आराखड्यावरून या आकुंचनाचे प्रमाण कळते. संवादाच्या पातळीपासून वर ५ डेसिबलांपर्यंत काहीच बदल नाही. पुढील १० डेसिबलांचे ५ होतात, आणि त्यापुढील २० डेसिबलांचा अवघा १. म्हणजे संवादाच्या ३५ डेसिबल वर उसळलेला ध्वनी ११ डेसिबलांवर आणून बसविला जातो. खालच्या बाजूस संवादापेक्षा १२ डेसिबल लहान असलेली कुजबूज ६ डेसिबलांनी उचलली जाते. त्याहून लहान ध्वनीसही तेवढीच उचल मिळते, अधिक नाही. सारी रचना संवादाला मध्यभागी धरून केलेली आहे. म्हणूनच संवादाची पातळी सांगणारी पहिली सूचना चुकीची लिहिली गेली की दाबण्याचे व उचलण्याचे कामही भलत्याच ठिकाणी सुरू होते.

या पद्धतीची एक उणीव सांगितलीच पाहिजे. दाबण्याची सूचना सर्व ध्वनिवर्धकांना एकसारखी लागू होते. स्फोट चालू असताना कोणी बोलत असेल तर स्फोटाबरोबर त्याचे शब्दही दाबले जातात. संवाद बहुतांशी मधल्या ध्वनिवर्धकातून येतो; तेव्हा तो एकटा ३ डेसिबलांनी वाढविणे हा उपाय साधा असला तरी पुष्कळदा सर्वांत उपयोगी ठरतो. ज्यांची श्रवणशक्ती वयोमानाने उणावली आहे, त्यांच्या बाबतीत तर विशेषच.

ज्या ध्वनीबरोबर सूचना येत नाहीत तेथे यंत्राला स्वतःच्या अंदाजाने चालावे लागते. पुढे काय येणार हे त्याला फारसे ठाऊक नसते. मोठा ध्वनी आला की दाबावयाचे, ओसरला की हळूहळू सोडावयाचे, एवढेच त्याच्या हाती. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गायक आलापात क्षणभर थांबला की तानपुरा पुढे सरकतो. तान उसळली की मागे ढकलला जातो. जी विश्रांती गायकाने जाणून ठेवलेली असते, ती यंत्राला केवळ भरून काढावयाची रिकामी जागा वाटते. चित्रपटासाठी ही योजना क्षम्य म्हणता येईल. संगीतासाठी ती बंद ठेवणेच इष्ट.

आतापर्यंत विचार झाला तो खोलीतील श्रोत्याचा. पण रात्रीच्या योजनांचा मूळ हेतू भिंतीपलीकडचा माणूस हा आहे. साध्या भिंतीच्या बाबतीत कंप्रता दुप्पट झाली की तिची रोधशक्ती ढोबळ मानाने ६ डेसिबलांनी वाढते. या हिशेबाने ८०० हर्ट्झच्या ध्वनीला भिंत जितकी अडवील त्याहून ५० हर्ट्झच्या ध्वनीला सुमारे २४ डेसिबल कमी अडवील. मुंबई-पुण्यातील सदनिकांत शेजाऱ्याची तक्रार संवादांबद्दल क्वचितच असते. त्याला शब्द ऐकू येतच नाहीत, ऐकू येतात ते धक्के. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलांची मर्यादा आहे. परंतु तिचे मापन ज्या भारित पद्धतीने होते तीत खर्जाला फारच थोडे वजन असते. मापनयंत्र समाधान दाखवीत असताना शेजारी जागा असू शकतो.

दोन योजनांमधील विरोध येथे उघड होतो. 'लाउडनेस' कानाची तूट भरण्यासाठी नेमका तोच खर्ज वाढविते, जो भिंतीतून सर्वांत सहज पलीकडे जातो. 'नाइट' योजना शिखरे दाबून तो कमी करते. दोन्ही एकदम चालू ठेवल्या असता निष्पत्ती काय होईल हे त्या त्या दृश्यावर अवलंबून राहते.

यातून वाट काढण्याचा एक प्रयत्न कानाच्याच एका गुणावर उभारलेला आहे. १००, १५० व २०० हर्ट्झचे स्वर एकत्र वाजले असता मूळचा ५० हर्ट्झचा स्वर नसतानाही त्याची उंची कानाला जाणवते. तेव्हा खरा खर्ज गाळावयाचा आणि वरच्या स्वरांच्या साहाय्याने त्याचा भास ठेवावयाचा. भिंतीवर आदळावयाचे ते गाळले जाते. श्रोत्याला मात्र खर्ज अगदीच नाहीसा झाल्यासारखे वाटत नाही. अर्थात छातीत जाणवणारा धक्का या भासाने मिळत नाही, आणि रात्रीच्या वेळी तो मिळू नये हेच बरे.

प्रत्यक्ष वापरात बहुधा दुर्लक्षित राहते ती संदर्भपातळी. खर्जाची भरपाई करणारी योजना असे गृहीत धरते की, ध्वनी चित्रपटाच्या पातळीस मिश्रित झालेला आहे. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम व संगीत त्याहून वरच्या पातळीवर मुद्रित असतात. म्हणून श्रोता कळ अधिक खाली ठेवतो, आणि यंत्र त्याचा अर्थ 'फार हळू ऐकणे चालले आहे' असा लावून अकारण खर्ज वाढविते. त्यासाठीच 'डायनॅमिक ईक्यू'मध्ये ५, १० व १५ डेसिबलांची वजावट देण्याची सोय ठेवलेली आहे. ती शून्यावरच राहिली तर रात्रीच्या बातम्याही शेजाऱ्याच्या भिंतीवर नगाऱ्यासारख्या वाजतात.