ड्राइव्ह विकत घेण्याआधी मोटरची पाटी वाचा

सायझिंग, वाइंडिंग आणि रंगाईच्या कारखान्यांत मोटरची गती कमी-जास्त करण्यासाठी आता ड्राइव्ह सर्रास बसविले जातात. याचे पूर्ण नाव व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह. मोटरला मिळणारी ५० सायकलची वीज तो हवी तेवढी कमी-जास्त करून देतो आणि त्याप्रमाणे मोटर फिरते. वस्तू चांगली आहे, पण खरेदीत एक गफलत वारंवार होते. कारखानदार दुकानात जाऊन म्हणतो, “दहा एचपीची मोटर आहे, दहा एचपीचा ड्राइव्ह द्या.” दुकानदार देतो. पुढे ऐन सीझनमध्ये ड्राइव्ह ट्रिप होऊ लागतो आणि मग मिस्त्री, दुकानदार व कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. रंगाला लागलेला माल मात्र जिगरवर अर्धवट राहतो.

मूळ कारण असे, की ड्राइव्हला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याच्या आतले पार्ट किती करंट सोसतील एवढीच त्याची मर्यादा, आणि हा करंट अँपिअरमध्ये मोजतात. एचपीचा आकडा कंपनीने साधारण अंदाजासाठी छापलेला असतो. हा अंदाज बहुधा चार पोलच्या, म्हणजे मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवरून काढलेला असतो. ४१५ व्होल्टवर अशी १० एचपीची मोटर साधारण १४ ते १५ अँपिअर घेते. पण तेवढ्याच एचपीची ९६० फेऱ्यांची मोटर त्याहून जास्त घेते आणि ७२० फेऱ्यांची आणखी जास्त. जुनी, दोन-तीन वेळा वायंडिंग केलेली मोटर असेल तर पाटीवरच्या आकड्याचाही भरवसा नाही. तिचा करंट पूर्ण लोडवर, ड्राइव्ह बसवण्याआधी, टाँग टेस्टर लावून मोजून घ्यावा.

म्हणून पहिला नियम हा, की मोटरच्या पाटीवरचा पूर्ण लोडचा अँपिअर पाहावा आणि ड्राइव्हचा अँपिअर त्याच्याइतका किंवा थोडा जास्त असावा. एचपी नंतर पाहिला तरी चालतो.

इथे ‘साडेसात’चा घोटाळाही सांगितला पाहिजे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटरी आपण एचपीत बोलतो, पण ड्राइव्हवर बहुतेक किलोवॅट छापलेले असतात. ७.५ एचपीची मोटर म्हणजे ५.५ किलोवॅट आणि ७.५ किलोवॅटचा ड्राइव्ह म्हणजे १० एचपीचा. “साडेसातचा द्या” एवढेच फोनवर सांगितले तर दोन्हींपैकी काहीही येऊ शकते. मोठा आला तर पैसे जास्त गेले, आणि १० एचपीच्या मोटरसाठी लहान आला तर काम अडले.

दुसरी गोष्ट लोडची. बऱ्याच ड्राइव्हवर दोन रेटिंग असतात, एक नॉर्मल ड्यूटी आणि एक हेवी ड्यूटी. नॉर्मलमध्ये ड्राइव्ह मिनिटभर साधारण १० ते २० टक्के जास्त करंट सोसतो, हेवीमध्ये मिनिटभर ५० टक्के. पंखा आणि पाण्याचा पंप यांना नॉर्मल पुरते, कारण गती कमी केली की त्यांचा लोड फार झपाट्याने उतरतो. पंख्याची गती ८० टक्क्यांवर आणली तर ताकद जवळजवळ निम्मीच लागते. बचत खरी होते ती इथेच. जिगर, वार्पिंग, सायझिंगचा बीम यांचे तसे नाही. हळू चालवा की जोरात, ओढ तेवढीच राहते आणि ओल्या कापडाने भरलेला रोल थांबलेल्या अवस्थेतून उचलताना जोर जास्त लागतो. अशा ठिकाणी हेवी ड्यूटीचाच अँपिअर मोजावा. एकाच डब्यावर “१० एचपी नॉर्मल, ७.५ एचपी हेवी” असे लिहिलेले असते आणि विकणारा मोठा आकडा आधी सांगतो, हे बाजाराला धरूनच आहे.

मग सरळ दुप्पट मोठा ड्राइव्ह का घेऊ नये? एक पायरी मोठा घ्यायला हरकत नाही. फार मोठा घेतला तर पैसे वाया जातातच, शिवाय लहान मोटरचा करंट त्याला नीट मोजता येत नाही आणि मोटर जळण्यापासून वाचवण्याचे त्याचे काम कच्चे राहते. ड्राइव्ह कितीही मोठा असला, तरी त्याच्या सेटिंगमध्ये मोटरचा स्वतःचा अँपिअर भरलाच पाहिजे. अनेक मिस्त्री हे काम सोडून देतात.

घरगुती सिंगल फेजवर काम करणाऱ्या लहान कारागिरांनी एक वेगळा हिशेब ध्यानात ठेवावा. २३० व्होल्टचा सिंगल फेज ड्राइव्ह मोटरला तीन फेज देतो, पण २३० व्होल्टचेच. ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली १ एचपीची मोटर त्यावर चालवायची तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टा करावी लागते. मोटरची सहाही टोके बाहेर हवीत. करंट मग १.७३ पट होतो. पाटीवर १.८ अँपिअर असेल तर ड्राइव्ह किमान ३.१ अँपिअरचा पाहिजे.

काही जण विचारतात, एकाच ड्राइव्हवर आठ माग चालतील का? सगळ्या मोटरींच्या अँपिअरची बेरीज करून आणि प्रत्येकीला स्वतंत्र ओव्हरलोड रिले लावून, सगळ्या एकदम चालू-बंद होत असतील तर चालतील. पण जिथे विणकर मोटरचाच स्विच बंद-चालू करतो तिथे हे करू नये. चालत्या ड्राइव्हवर मोटर अचानक जोडली की ती पाच-सहा पट करंट ओढते. दोन माग एका वेळी सुरू झाले तर ड्राइव्ह ट्रिप होऊन आठही बंद पडतील.

समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर ड्राइव्हची ताकद घटते असे कंपनीच्या पुस्तकात असते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या तिन्ही ठिकाणी त्याची चिंता नाही. चिंता आहे उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या शेडची आणि उडणाऱ्या रुईची. अनेक ड्राइव्हचे रेटिंग ४० अंशापर्यंतच धरलेले असते आणि बंद पेटीच्या आत गरमी त्याहून वर जाते. तिथे एक पायरी मोठा घ्यावा, पेटीला जाळी व पंखा लावावा आणि जाळी दर आठवड्याला झाडावी.

दुकानदाराकडून बिलावर मॉडेलसोबत अँपिअर, व्होल्ट आणि हेवी की नॉर्मल हे लिहून घ्यावे. वॉरंटीचा वाद झाला तर तोंडी सांगितलेला एचपी कोणी मानत नाही.