घ्राणशक्तीची परीक्षा आणि मेंदूचे चित्रण

दुधनीच्या बाजारात धान्य पारखणाऱ्यास कुबट वास येईनासा झाला, तर त्याची हानी मोजावी कशी? पुण्याच्या ‘आयसर’च्या संशोधकांनी २०२० साली कोविड रुग्णांची घ्राणशक्ती गंध हुंगवून मोजली, परंतु अशा परीक्षेत रुग्णाच्या उत्तरावरच विसंबावे लागते. कार्यात्मक एमआरआय चित्रणात गंध देताच मेंदूतील प्राणवायुयुक्त रक्ताच्या प्रमाणात होणारा बदल टिपता येतो. तथापि गंधहीन हवा हुंगली तरी प्राथमिक घ्राणक्षेत्र उद्दीपित होते, असे सोबेल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले. शिवाय तोच गंध सतत दिल्यास तेथील प्रतिसाद लवकरच ओसरतो. यास्तव गंधहीन हवेशी तुलना आणि दोन गंधांमध्ये विराम आवश्यक होय. केवळ चित्रावरून घ्राणहानीचा निर्णय करू नये. रुग्णाचे उत्तरही जोडीस घ्यावे.