वॉशिंग्टनच्या फौजेतील फरारी आणि फटके

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात लढायांपेक्षा मला अधिक आकर्षण वाटते ते तिथल्या लष्करी न्यायदानाचे. कारण पगार थकलेला, अंगावर धड वस्त्र नाही आणि घरची शेती खोळंबलेली, अशा अवस्थेत छावणीतून पोबारा करणाऱ्या शिपायास कोणती सजा फर्मावावी, हा पेच त्या नवजात राष्ट्राला अखेरपर्यंत सुटला नाही.

१७७५ च्या लष्करी कायद्याने फटक्यांची मर्यादा ३९ ठरवली (चाळिसाला एक उणा, हा बायबलमधील दंडविधानाचा वारसा); १७७६ मध्ये ती १०० झाली, शिवाय पलायनास देहदंडाची तरतूदही आली. १७८१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ५०० फटक्यांची मुभा मागितली, ती मात्र काँग्रेसने नामंजूर केली. अपराध्यास खांबाशी बांधून गाठी मारलेल्या दोरीच्या चाबकाने फोडून काढण्याचे काम पलटणीतील नगारेवाल्यांकडे असे. लष्करी वैद्य जेम्स थॅचर यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की कित्येकजण दातांत शिशाची गोळी धरून निमूटपणे मार सोसत.

मे १७८० मध्ये मॉरिसटाऊन येथे गळ्यात फास अडकवलेल्या अपराध्यांना, समोर शवपेट्या दिसत असताना, ऐनवेळी माफीचा हुकूम वाचून दाखवण्यात आला. ही दया होती की हिशेबी दहशत? मला तरी दोन्ही वाटते. फाशी गेला तो एकच: सेवामुक्तीचे बनावट दाखले करून शंभरांहून अधिक शिपायांना वाट मोकळी करून देणारा.