पंधरापैकी किती?

अंधेरीतल्या कुठल्याही आयसीयूच्या तक्त्यावर ‘ई४ व्ही५ एम६’ अशी नोंद दिसेल. ही रुग्णाची शुद्ध मोजणारी ग्लासगो कोमा स्केल, टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. किमान ३, कमाल १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे प्रकृती गंभीर. नुसती बेरीज लिहून भागत नाही. घशात नळी असलेला रुग्ण बोलणार कसा? तिथे आकड्याऐवजी ‘टी’ लिहितात. हालचाल तपासताना सूचनाही रुग्णाच्याच भाषेत द्यायला हवी. भोजपुरी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘हात उचला’ सांगून गुण कापणं हा अन्यायच.

भान हरपलेला प्रत्येक रुग्ण कोमात असतोच असं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं भान हरपून पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना २०११ मध्ये तीन डॉक्टरांनी तपासलं. निष्कर्ष: ब्रेन डेड नाहीत, कोमातही नाहीत, परमनंट व्हेजिटेटिव्ह स्टेटचे (जाग असूनही भान नसण्याच्या कायमच्या अवस्थेचे) बहुतेक निकष मात्र जुळतात.