पालकत्व दहावीपर्यंतचे



मंडळ्यांना भेट द्यायला गेले की एक प्रश्न हमखास येतो : “ताई, आदिवासी मुलांना सरकार मोफत शिकवते. मग शैक्षणिक पालकत्वाचे पैसे कशाला लागतात?” प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. शाळेतले दुपारचे जेवण आणि मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच. पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा तर पुष्कळ ठिकाणी चौथी-पाचवीलाच संपते. पुढे हायस्कूल दूर असते. आश्रमशाळेत प्रवेश मिळाला तर आम्ही तो आनंदाने घेतो. पण प्रत्येकालाच तो मिळतो असे नाही.

आता नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगाव भागातली घरे पाहा. दिवाळीनंतर कितीतरी भिल्ल व पावरा कुटुंबे ऊसतोडीला जातात, काही गुजरातेत, काही आपल्याच राज्यात. ती होळीच्या सुमारास परततात. हा काळ म्हणजे शाळेचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र. दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत येते.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या जोडीला उचल देतो. बाप वारला की जोडी मोडते, पण उचल फिटलेली नसते. मग आईबरोबर कोण जाणार? घरातले तेरा-चौदा वर्षांचे थोरले मूल. त्याचे नाव पटावर राहते आणि हातात बापाचा कोयता येतो. आपण ज्यांना अनाथ म्हणतो त्यांतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा आजी हयात असते. मुलाविषयी माया असते, पण घरात दाणे नसतात.

म्हणून पालकत्व म्हणजे दत्तक घेणे नव्हे. दत्तकाचा कायदा वेगळा, त्याची रीत वेगळी. पालकत्वात मूल आईचेच किंवा आजीचेच राहते. सुट्टीत ते तिच्याकडेच जाते. याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायाच्या शेवटी अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकत्र येतो. त्यांना तोडून मदत करता येत नाही, हे मी पाड्यांवर फिरताना रोज पाहते.

मदत ठरवताना आम्ही आधी सरकारी हक्काचे ते मिळवून देतो. मूल नातेवाइकांकडे राहत असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरतो. त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडच्या नात्यातला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. वडील नसले की तो कागद शोधायला काका-आजोबांच्या गावी हेलपाटे घालावे लागतात. एवढे करून जे उरते त्यासाठी तुमचे दान लागते : वसतिगृहाची खाणावळ, गणवेश, वह्या, एसटीचे भाडे, परीक्षा फी, आजारपण.

ख्रिस्ती शिक्षणाविषयीही स्पष्ट सांगते. वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, रविवारी शाब्बाथशाळा भरते. पण भारतीय संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण द्यायचे तर पालकांची संमती लागते. आम्ही तोच नियम वसतिगृहातही पाळतो. आई ‘नको’ म्हणाली तरी मुलाचे ताट आणि पुस्तक तेच राहते. प्रभूच्या प्रीतीला आमिषाची गरज नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या मुलींना आसरा दिला आणि केडगावला आणले. त्यांना जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. लिहायला शिकवले, हाताला काम शिकवले. अशा सेवेला वर्षे लागतात.

आणि आमची खरी अडचण इथेच आहे. नाताळात मन भरून येते, दान येते, पुढच्या वर्षी थांबते. सातवीत सुरू झालेले पालकत्व नववीत तुटले, तर मूल नेमके अशा वेळी उघड्यावर पडते जेव्हा सरकारी आधारही संपलेला असतो आणि मुकादमाचा ट्रक दिवाळीनंतर येणारच असतो.

म्हणून विनंती एवढीच : एका कुटुंबाने एका वर्षासाठी एक मूल घेण्याऐवजी दोन-तीन कुटुंबांनी किंवा महिला मंडळाने मिळून एकच मूल घ्यावे, पण दहावीपर्यंत. रक्कम लहान असली तरी चालेल, ती दर महिन्याला येत राहावी. मुलाच्या नावाने रोज प्रार्थना करावी, आणि त्याच्या आईच्या नावानेही.

आपली सेवेतील भगिनी