बुरसटलेले दाणे म्हशीला?

श्रावणात नणंदेकडे तिकोणा पेठेला गेले होते. गड दिवसभर ढगात आणि दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. अशात वन्संनी शेंगदाण्यांचा डबा उघडला, तो तळाशी हिरवट-पिवळी भुकटी! "वरचे धुऊन भाजते, खालचे म्हशीला घालते. टाकायचे कशाला?" वन्सं म्हणाल्या. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलेली!

ही बुरशी बहुधा अस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीत त्याचा शोध लागला. आपल्याकडे तर माणसं गेली. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसानं मका भिजला, नीट वाळलाच नाही. घरात दुसरं धान्य नाही म्हणून गरिबांनी तोच खाल्ला. काविळी झाल्या, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं दगावली. त्याच घरांतल्या उष्ट्यावर जगणारी कुत्रीसुद्धा मेली.

गंमत अशी, की बुरशी आहे म्हणजे विष असतंच असं नाही. विष तयार करण्याचं काम बुरशीतल्या पंचवीस-तीस जनुकांचं. 'अफ्लआर' नावाचं एक जनुक मोठ्या जाऊबाईंसारखं बाकीच्यांना कामाला लावतं, तेही हवा पाहून! ३० अंशांच्या आसपास उष्णता, दाण्यात ओल आणि पिष्टमय-गोड खाणं मिळालं की विषाचा कारखाना जोरात. ३७ अंशांना तीच बुरशी फोफावते, पण विषाची जनुकं मंदावतात. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीवरून विषाचा अंदाज बांधता येत नाही. भुईमूग पोसताना पावसानं ओढ दिली, तर शेतातच शेंगेत बुरशी शिरते. मग आपण घरी कितीही जपा.

भाजल्यानं बुरशी मरते, विष थोडं कमी होतं, पण जात नाही. धुतल्यानंही नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 'ब' प्रकारची कावीळ अंगात असेल तर धोका फारच वाढतो. आणि म्हशीला घातलं तर? त्यातला काही अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि दूध उकळलं तरी तो तिथंच राहतो. हे ऐकल्यावर मात्र वन्संनी नातवाच्या वाटीकडे पाहिलं.

पावसाळ्याआधी दाणे कडक उन्हात खुळखुळेपर्यंत वाळवावेत, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर झाकणाला घाम येतो. ओला चमचा तर नकोच. मावळासारख्या पावसाच्या मुलखात दाणे महिन्यापुरतेच आणलेले बरे. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाकावेत. मूल कडू दाणा थुंकत असेल तर "गीळ मुकाट्यानं" म्हणू नये.

वन्संनी डबा उचलला, तशी गोठ्यातून म्हशीनं मान लांबवली. दाणे परसातल्या खड्ड्यात गेले. रात्री भाजीत कूट नाही म्हणून यजमानांनी विचारलंच. तेव्हा जाऊबाई आणि जनुकांची सगळी कथा वन्संनीच त्यांना ऐकवली.